१२३४५६७८९८७६५४३२१ : नऊ एकांच्या वर्गात दडलेले गणित

अंकवेडा (धागाकर्ता)

माझी पुतणी सातवीत शिकते. गेल्या रविवारी ती ११, १११, ११११ अशा संख्यांचे वर्ग करीत बसली होती. १२१, १२३२१, १२३४३२१ ही उत्तरे एकाखाली एक लिहून झाल्यावर तिने मला विचारले, "काका, नऊ एक घेतले तर आकडे नऊपर्यंत चढून परत खाली उतरतील का?" मी लॅपटॉप उघडला, हिशेबाच्या तक्त्यात १११११११११ चा वर्ग मागितला आणि उत्तर आले १२३४५६७८९८७६५४३००. तेवढ्या वेळात तिने वहीत उभी मांडणी करून १२३४५६७८९८७६५४३२१ हे उत्तर काढले होते. एकाने संपणाऱ्या संख्येचा वर्ग शून्याने संपूच शकत नाही, हेही तिनेच मला दाखवून दिले. त्या क्षणापासून या सतरा अंकी संख्येने मला धरून ठेवले आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी ती वाचायची कशी ते पाहू. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी ती दिसते. कोटीच्या हिशेबात ती एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस अशी होते. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्या क्रमाने पाहिल्यास सर्वांत डावीकडचा एक 'मध्य' या सतराव्या स्थानी येतो आणि परार्ध फक्त एक घर दूर राहतो.

आता मला स्वतःला जे सापडले ते मांडतो. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणून तिला नवाने भाग जातो आणि भागाकार १२३४५६७९ येतो. हा भागाकारही पाहण्यासारखा आहे, कारण त्यात एक ते नऊपैकी फक्त आठ गायब आहे. त्याचे अवयव ३७ × ३३३६६७ असे पडतात. म्हणजे आपल्या संख्येचे मूळ अवयव ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग हे झाले. त्यावरून तिचे एकूण विभाजक ५ × ३ × ३ म्हणजे ४५ होतात. ते विषम संख्येने येणारच होते, कारण ती पूर्ण वर्ग आहे.

माझा प्रश्न असा आहे की ही सगळी वैशिष्ट्ये सुटी सुटी गंमत आहेत, की या सगळ्यांचे मूळ एकाच जागी आहे? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

---

पाटीपूजन

अंकवेडा, आपल्या पुतणीने यंत्रावर विश्वास न ठेवता शेवटचा अंक तपासला, याचा मला फार आनंद झाला. मी सदतीस वर्षे प्राथमिक शाळेत गणित शिकवले. हा गुणाकार मी दरवर्षी चौकटींच्या वहीत करून घेत असे, कारण तो मुलांना केवळ डोळ्यांनीसुद्धा समजतो.

चौकटींच्या वहीचे पान आडवे धरावे. वर १११११११११ लिहून त्याखाली गुणक म्हणून तीच संख्या लिहावी. एकाने गुणल्यावर पहिली ओळ नऊ एकांची येते. दुसरी ओळही नऊ एकांचीच, पण एक घर डावीकडे सरकलेली, तिसरी आणखी एक घर सरकलेली, आणि अशा नऊ ओळी झाल्या की पानावर एकांचा एक तिरका चौकोन तयार होतो. आता उजवीकडून उभे स्तंभ मोजावेत. पहिल्या स्तंभात एकच एक आहे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे करीत नवव्या स्तंभात पूर्ण नऊ एक उभे राहतात. त्यापुढे वरच्या ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून स्तंभांची उंची आठ, सात, सहा अशी उतरते आणि सतराव्या स्तंभात शेवटचा एकटा एक उरतो. उत्तराचे अंक म्हणजे या स्तंभांची उंची, दुसरे काही नाही.

हे इतके सरळ घडते, कारण कोणत्याही स्तंभाची बेरीज नऊच्या वर जात नाही. सबंध गुणाकारात एकदाही हातचा येत नाही. नऊ एक ही या सरळपणाची शेवटची पायरी आहे आणि म्हणूनच या मालिकेत ही संख्या मानाची ठरते.

याच पानावरून आणखी एक गोष्ट मी मुलांना विचारत असे: बेरीज न करता या उत्तराच्या अंकांची बेरीज सांगा. नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ एक, म्हणजे पानावर एकूण ८१ एक लिहिले गेले. हातचा कुठेच नसल्यामुळे प्रत्येक एक नेमका एकदाच, आपल्याच स्तंभात मोजला गेला. म्हणून अंकांची बेरीज ८१. ज्या मुलाला हे स्वतःहून सुचे, त्याला मी फळ्यावर येऊन बाकीच्यांना सांगायला लावत असे.

---

गोदाकाठ

पाटीपूजन बाईंनी ८१ चा उल्लेख केलाच आहे, तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे नाव या धाग्यावर यायलाच हवे. १९०५ साली डहाणूत जन्मलेल्या कापरेकरांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण घेतले, १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळवले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरकी केली. ६१७४ या त्यांच्या स्थिरांकाची माहिती बहुतेकांना असते. मात्र १, १२१, १२३२१ पासून आपल्या या संख्येपर्यंतच्या वर्गांना त्यांनी स्वतंत्र नाव दिले होते, हे कमी लोकांना ठाऊक असते. त्यांना 'डेम्लो संख्या' म्हणतात. डेम्लो हे जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरचे मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरचे स्थानक, म्हणजे आजची डोंबिवली. या संख्यांचा विचार त्यांना तिथे सुचला, म्हणून ते नाव. १९३८ साली 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात त्यांनी या 'अद्भुत डेम्लो संख्यां'वर लेख लिहिला होता. लोकलची वाट पाहत ज्या फलाटावर आज लाखो माणसे उभी राहतात, त्या गावाचे नाव जगभरच्या गणितज्ञांच्या कोशात अशा रीतीने जाऊन बसले आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आता ८१ कडे वळतो. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे आणि धागाकर्त्यांनी दिलेल्या अवयवांत ३ चा चौथा घात, म्हणजे ८१, आहेच. त्यामुळे ही डेम्लो संख्या हर्षदही आहे. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. कापरेकरांनी दोन वेगळ्या वाटांनी जाऊन दिलेली दोन नावे इथे एकाच संख्येवर येऊन मिळतात.

परंतु हे सर्व डेम्लो संख्यांच्या बाबतीत घडत नाही. एक ते नऊ एकांपर्यंतचे वर्ग घेतले, तर बाईंच्या युक्तीने अंकांची बेरीज, जितके एक घेतले त्या आकड्याच्या वर्गाइतकी येते. म्हणून वर्ग हर्षद असण्यासाठी एवढेच पाहावे लागते की एकांच्या संख्येला त्या संख्येत जितके एक आहेत तितक्याने भाग जातो का. २, ४, ५, ६ आणि ८ लगेच बाद होतात, कारण एकाने संपणाऱ्या संख्येला त्यांपैकी कशानेच भाग जात नाही. सात एकांच्या संख्येला सातने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून सातही बाद. उरतात १, ३ आणि ९. म्हणजे १, १२३२१ आणि आपली ही संख्या, एवढ्या तीनच या नऊ जणींमध्ये हर्षद आहेत.

---

कळफलक

धागाकर्त्यांच्या तक्त्याने शेवटी ३०० का दाखवले, याचे उत्तर माझ्या रोजच्या कामातले आहे, म्हणून लिहितो.

असे तक्ते साधारणपणे पंधराच सार्थ अंक दाखवतात आणि पुढच्या जागा शून्यांनी भरतात. आपली संख्या सतरा अंकी असल्यामुळे शेवटचे २ आणि १ हे दोन अंक गळाले. पण खरी अडचण त्याच्याही खाली आहे. संगणकात अपूर्णांकांसाठी जी चौसष्ट बिटांची रचना सर्रास वापरतात, तिच्यात पूर्णांक फक्त २ च्या ५३ व्या घातापर्यंत, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत, एकही न गाळता मावतात. त्यापुढे २ च्या ५४ व्या घातापर्यंत केवळ सम संख्याच नेमक्या लिहिता येतात. १२३४५६७८९८७६५४३२१ नेमकी या पट्ट्यात पडते आणि ती विषम आहे. त्यामुळे ती त्या रचनेत लिहिताच येत नाही. तिच्या दोन्ही बाजूंच्या सम संख्या, शेवटी ३२० असलेली आणि शेवटी ३२२ असलेली, तिच्यापासून सारख्याच अंतरावर आहेत. अशा वेळी द्विमान रूपात ज्या संख्येच्या साठवलेल्या भागाचा शेवटचा बिट शून्य असतो ती निवडायची, असा नियम आहे. त्या नियमाने ३२० ची निवड होते. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये १११११११११ चा वर्ग करून पाहा, शेवटी ३२० दिसेल.

चौसष्ट बिटांचे शुद्ध पूर्णांक वापरले तर मात्र मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ पर्यंत जाते आणि आपली संख्या तिथे आरामात बसते. दहा एकांचा वर्गही बसतो, अकरा एकांचा बसत नाही. बँकेच्या किंवा विम्याच्या प्रणालीत सतरा अंकी ओळख क्रमांक चुकून अपूर्णांकाच्या रकान्यात साठवला गेला, तर नेमका असाच एक अंक बदलतो आणि कुणाच्या लवकर लक्षातही येत नाही. या एका कारणाने मी स्वतः दोन रात्री जागून काढल्या आहेत. त्यामुळे नव्या सहकाऱ्यांना शिकवताना मी हीच संख्या उदाहरण म्हणून देतो, कारण तिचा शेवट काय असायला हवा हे पाहताक्षणी कळते.

---

शंकासूर

सर्व प्रतिसाद आवडीने वाचले, तरीही माझी एक मूलभूत शंका आहे आणि ती मी गांभीर्याने मांडतो. वर सांगितलेले बरेचसे गुण संख्येचे नसून तिच्या लेखनाचे आहेत. आपल्या हाताला दहा बोटे आहेत म्हणून आपण दशमान पद्धतीने लिहितो. उद्या कुणी अष्टमान पद्धतीने, म्हणजे ० ते ७ हे आठच अंक वापरून, लिहू लागला, तर ही संख्या उलटसुलट सारखी वाचता येणार नाही, तिच्या अंकांची बेरीज ८१ राहणार नाही आणि ती हर्षदही उरेलच असे नाही. मूळ अवयव आणि विभाजकांची संख्या हे गुण लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून नसतात. गणित म्हणून मोलाचे तेच, बाकीचे अलंकार आहेत, असे मला वाटते. माझे चुकत असल्यास कृपया दाखवून द्यावे.

---

बहुपदी

शंकासूर, आपली शंका योग्य आहे, आणि तिचा पाठपुरावा केल्यास पहिल्यापेक्षा मोठे सत्य हाती लागते, असे मला वाटते.

दहा हा आकडा क्षणभर बाजूला ठेवून त्याच्या जागी क्ष लिहू. नऊ एकांची संख्या म्हणजे क्ष च्या शून्याव्यापासून आठव्यापर्यंतच्या घातांची बेरीज. या बहुपदीचा वर्ग केला की सहगुणक १, २, ३ पासून ९ पर्यंत चढतात आणि पुन्हा १ पर्यंत उतरतात. पाटीपूजन बाईंच्या वहीतले उभे स्तंभ म्हणजेच हे सहगुणक. हे सत्य क्ष ची किंमत काहीही असली तरी टिकते. क्ष = १ ठेवले की ८१ मिळतात, हीच बाईंची बेरीज. क्ष = १० ठेवले की आपली संख्या मिळते. दशमान पद्धतीचे श्रेय एवढेच की तिच्यात नऊपर्यंतचे सहगुणक एकेका अंकात मावतात आणि बहुपदी जशीच्या तशी डोळ्यांना दिसते.

आता आपल्याच अष्टमान पद्धतीत जाऊ. तिथे सर्वांत मोठा अंक सात, म्हणून सात एक घ्यावेत. अष्टमानात सात एक, म्हणजे १११११११, लिहिले की आपल्या नेहमीच्या लेखनात ती संख्या २९९५९३ होते आणि तिचा वर्ग ८९७५५९६५६४९ होतो. आपल्याला तो विस्कळीत वाटतो, परंतु अष्टमानात लिहिल्यास तो १२३४५६७६५४३२१ असा दिसतो. तिथे त्याच्या अंकांची बेरीज ४९ आहे आणि ८९७५५९६५६४९ ला ४९ ने भागल्यास नेमके १८३१७५४४०१ येतात. म्हणजे अष्टमानवाल्यांची शिखर-संख्याही हर्षदच निघाली.

हा योगायोग नाही, कारण सिद्धता दोनच ओळींची आहे. पाया (दशमानात दहा, अष्टमानात आठ) दोनापेक्षा मोठा कोणताही घ्या. पायाच्या कोणत्याही घाताला पायापेक्षा एकाने लहान संख्येने भागले की बाकी नेहमी १ उरते. दशमानात नवाची कसोटी चालते ती याच कारणाने. पायापेक्षा एकाने कमी इतके एक लिहिले, तर तितक्याच बाक्या साचतात आणि भाग निःशेष जातो. म्हणून वर्गाला त्या लहान संख्येच्या वर्गाने भाग जातो, आणि अंकांची बेरीजही तोच वर्ग असते. पाया ३ घेतल्यास १२१ म्हणजे आपले १६ आणि अंकांची बेरीज ४. पाया ४ घेतल्यास १२३२१ म्हणजे ४४१ आणि अंकांची बेरीज ९. दोन्ही ठिकाणी भाग जातो.

आपण म्हणता तसे ही संख्या दुसऱ्या पद्धतीत नेली की तिचा साज उतरतो, हे खरे आहे. मात्र प्रत्येक पद्धतीची स्वतःची अशी एक संख्या असते आणि ती त्या पद्धतीत हर्षद असतेच. १२३४५६७८९८७६५४३२१ ही त्या घराण्यातली आपल्या वाट्याला आलेली संख्या आहे.

---

मळखेड

बहुपदी यांनी ४४१ चा उल्लेख केला आणि मला नवव्या शतकातला गुणाकार आठवला.

राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. वेरूळचे कैलास लेणे ज्या घराण्याने कोरविले, तेच हे घराणे. महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात गुणाकाराच्या प्रकरणी काही उदाहरणे मुद्दाम अशी निवडली आहेत की उत्तराचे अंक गळ्यातल्या हारासारखे दोन्ही बाजूंनी सारखे यावेत. त्यात २७९९४६८१ ला ४४१ ने गुणायला सांगितले आहे आणि उत्तर येते १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी संख्या, असे तिचे वर्णन केलेले आहे.

आता यामागची निवड पाहा. ४४१ हा २१ चा वर्ग आहे, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग आहे आणि २१ × ५२९१ म्हणजे सहा एकांची संख्या, १,११,१११. इतके एक ओळीने लिहिताना डोळा फसतो, म्हणून स्वल्पविराम दिलेले बरे. ज्याने हे उदाहरण रचले त्याला सहा एकांचे अवयव आणि त्यांच्या वर्गाचे रूप, दोन्ही नक्की ठाऊक होते. त्याच यादीत १२३४५६७९ × ९ हा गुणाकारही आहे, ज्याचे उत्तर नऊ एक येते. म्हणजे धागाकर्त्यांना रविवारी सापडलेली ती आठ नसलेली संख्या अकराशेहून अधिक वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना गुणाकारासाठी दिली जात होती. हा ग्रंथ रंगाचार्यांनी संपादित करून १९१२ साली मद्रासहून इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला.

---

आवर्तन

शंकासूर यांनी मूळ अवयवांना अधिक मान दिला आहे, म्हणून ३, ३७ आणि ३३३६६७ या तिघांबद्दल लिहितो. माझ्या मते या संख्येचे सर्वांत खोल वैशिष्ट्य इथे आहे.

एखाद्या मूळ संख्येने एकाला भागले की, ती २ किंवा ५ नसेल तर, आवर्ती दशांश मिळतो. एक भागिले ३ मध्ये एकच अंक फिरत राहतो. एक भागिले ३७ म्हणजे ०.०२७०२७०२७…, तिथे तीन अंकांचा गट फिरतो. एक भागिले ३३३६६७ म्हणजे ०.०००००२९९७०००००२९९७…, तिथे नऊ अंकांचा गट फिरतो. आवर्तनाची लांबी अनुक्रमे १, ३ आणि ९.

आता प्रश्न असा की, एक अंकी आवर्तन असणाऱ्या मूळ संख्या किती? ज्या मूळ संख्येचे आवर्तन एक अंकी, तिने ९ ला भाग जायला हवा, म्हणून फक्त ३. तीन अंकी आवर्तन हवे असेल तर ९९९ ला भाग जायला हवा. ९९९ म्हणजे २७ × ३७, म्हणून नवी मूळ संख्या फक्त ३७. नऊ अंकी आवर्तनासाठी ९९९९९९९९९ पाहावे लागते. त्याचे अवयव ३ चा चौथा घात, ३७ आणि ३३३६६७. त्यातले पहिले दोन आधीच येऊन गेले, म्हणून नवी फक्त ३३३६६७. अर्थात या तिन्ही मूळ संख्या आपापल्या आवर्तन-लांबीच्या एकमेव धनी आहेत. अशा मूळ संख्या अत्यंत विरळ आहेत. सहा अंकी आवर्तनाचेच पाहा: तिथे ७ आणि १३ दोघेही हक्क सांगतात.

आपल्या या सतरा अंकी संख्येचे सगळे मूळ अवयव अशा एकमेव संख्यांपैकीच आहेत. त्यांच्या लांब्या १, ३, ९ अशा तिपटीने वाढाव्यात, याचे कारण पुन्हा नऊ एकांतच आहे, कारण ९ चे विभाजक १, ३ आणि ९ एवढेच आहेत. गोदाकाठ यांच्या हर्षद संख्याही १, ३ आणि ९ एकांच्याच निघाल्या होत्या.

---

पाटीपूजन

आवर्तन यांच्या प्रतिसादातले ९९९९९९९९९ पाहून एक सोपी गोष्ट सुचली. आपल्या संख्येचे दोन तुकडे करावेत: डावीकडे १२३४५६७८ आणि उजवीकडे ९८७६५४३२१. यांची बेरीज ९९९९९९९९९ येते. मी हे अनेक वर्षे मुलांना जादू म्हणून दाखवत आले, पण त्याचे कारण आज लिहून काढले.

नऊ एकांचा वर्ग म्हणजे १११११११११ × ९ × १२३४५६७९, म्हणजेच ९९९९९९९९९ × १२३४५६७९. आता ९९९९९९९९९ ने गुणायचे म्हणजे एक अब्जाने गुणून तीच संख्या एकदा वजा करायची. १२३४५६७९ पुढे नऊ शून्ये लिहिली आणि त्यातून १२३४५६७९ वजा केले. उसना घ्यावा लागतो, म्हणून डावीकडचा भाग एकाने कमी होऊन १२३४५६७८ होतो, आणि उजवीकडे एक अब्जातून १२३४५६७९ गेल्यावर ९८७६५४३२१ उरतात. जे डावीकडे आहे त्याचाच पूरक उजवीकडे आहे. गायब झालेला आठ तेवढ्यापुरता उसन्यामुळे परत येतो.

---

शंकासूर

बहुपदी आणि आवर्तन, आपले दोन्ही प्रतिसाद वहीत उतरवून घेतले. लेखनाचे गुण आणि संख्येचे गुण यांच्यात मी घातलेली भिंत वाटली तितकी पक्की नव्हती, हे मान्य करतो.

एकच शेवटचा प्रश्न उरतो. दहा एक घेतले तर ही रचना मोडते, असे सर्वत्र लिहिलेले असते आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येते. तिथेही डाव्या बाजूचा आठ गायब आहे. १२३४५६७९ मधला गायब आठ आणि हा गायब आठ यांचा काही संबंध आहे का?

---

बहुपदी

संबंध आहे, आणि तो बाईंच्या हातच्याचाच आहे.

दहा एकांच्या मांडणीत मधल्या स्तंभाची उंची दहा होते. शून्य लिहून हातचा एक डावीकडे जातो. तिथे नऊ आहेत, ते दहा होतात, पुन्हा शून्य लिहून हातचा एक पुढे जातो. तिथे आठ आहेत, ते नऊ होतात आणि हातचा थांबतो. आठ गायब झालेला दिसतो, पण प्रत्यक्षात तो नऊ होऊन बसलेला असतो. उजव्या बाजूच्या आठला कुणी हात लावत नाही, कारण हातचा डावीकडेच जातो. अंकांच्या बेरजेतही याची नोंद उरते: पानावर १०० एक असतात, प्रत्येक हातच्यात दहा जाऊन एक येतो म्हणजे नऊ घटतात, हातचे दोन, म्हणून बेरीज ८२. मोजून पाहावी.

आता एकांची रांग संपूच दिली नाही तर? ०.१११… म्हणजे एक भागिले ९. त्याचा वर्ग एक भागिले ८१. स्तंभांची उंची आता १, २, ३ अशी चढतच राहते, ती कधी उतरत नाही, आणि दहाच्या स्तंभापासून हातचे डावीकडे येऊ लागतात. परिणामी एक भागिले ८१ म्हणजे ०.०१२३४५६७९०१२३४५६७९…, प्रत्येक फेरीत आठ नऊमध्ये मिसळलेला. दहा, अकरा, बारा कितीही एकांचा वर्ग केला तरी त्याची सुरुवात या आवर्ती दशांशासारखीच होते, आणि एक जितके जास्त तितके हे साम्य लांबवर टिकते. अकरा एकांचा वर्ग १२३४५६७९०१२०९८७६५४३२१ आहे, त्याचे डावीकडचे अकरा अंक ताडून पाहावेत. रचना मोडलेली नाही. हातच्यांखाली ती तशीच उभी आहे.

---

अंकवेडा (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी पुतणीला दहा एकांचा वर्ग करायला दिला आणि आठ कुठे गेला ते शोधायला सांगितले, पण वरचे उत्तर तिला सांगितले नव्हते. तिने चौकटींच्या वहीचे पान आडवे धरून दहा ओळी लिहिल्या, स्तंभांखाली आधी नुसत्या उंची मांडल्या आणि मग हातचे लाल पेन्सिलीने चढवले. पान माझ्यासमोर ठेवून तिने डावीकडून आठव्या स्तंभावर बोट ठेवले. तिथे काळ्या पेन्सिलीने लिहिलेला आठ होता, त्याच्या डोक्यावर छोटासा लाल एक होता आणि खाली उत्तराच्या ओळीत नऊ.